सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या मुलाची क्लिप, आणि माझीही एक जुनी पोस्ट

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळा नुसती वाचून जाते. पण गेले आठ दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. तीन विंगची सोसायटी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १८६ जण. माझा मुलगा आठवीत आहे. मागच्या मंगळवारी तो आणि त्याचे दोन मित्र बी विंगच्या जिन्यात खेळत होते. खेळता खेळता त्यांनी सहाव्या मजल्यावरचं फायर एक्स्टिंग्विशर काढलं आणि जिन्यात फवारलं. पांढरी पावडर तीन मजले पसरली. तिथे एका आजींना दमा आहे, त्यांना बराच त्रास झाला. हे चूकच आहे, त्यात मी मुलाची बाजू घेणार नाही. दुसऱ्याच दिवशी तिन्ही घरांनी सिलिंडर भरून घ्यायचे पैसे दिले. मुलांनी जिना धुतला आणि आजींच्या घरी जाऊन माफी मागितली.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी काय झालं ते सांगते. ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीला गाडीत बसले. घाटकोपर गेलं आणि पर्समधला फोन सारखा वाजायला लागला. कमिटीतल्या एकांनी सीसीटीव्हीची ४० सेकंदांची क्लिप ग्रुपवर टाकली होती. तिघांचेही चेहरे स्पष्ट दिसत होते. खाली माझ्या मुलाचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, आणि "यांच्या आईबापांना मुलांकडे बघायला वेळ नाही का?" कांजूर, भांडुप, नाहूर, प्रत्येक स्टेशनाला नवे मेसेज. कुणी लिहिलं, अशीच मुलं पुढे गुंड होतात. कुणी शाळेचं नाव टाकून म्हणालं, तिथे कळवा. दरवर्षी ज्यांच्याकडे मी दिवाळीच्या फराळाचं ताट पाठवते, त्यांनीही खाली "बरोबर आहे" लिहिलं होतं. मला एकाचाही फोन आला नाही. बी विंगमधून आमच्या दारापर्यंत यायला दोन मिनिटं लागतात.

रात्री जेवायच्या आधी ती क्लिप क्लासच्या मुलांच्या ग्रुपवर पोचली होती. मुलगा चार दिवस क्लासला गेला नाही.

इथपर्यंत मी फक्त चिडलेली होते. तिसऱ्या रात्री त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, "त्या काकांना असं करायचा काही अधिकार नव्हता." तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "तू पण केलंयस ना."

दोन वर्षांपूर्वी फेसबुकवर पालकांच्या एका ग्रुपमध्ये मी त्याच्या एका अडचणीबद्दल लिहिलं होतं. चांगले डॉक्टर कुणाला माहीत आहेत का, एवढंच विचारायचं होतं. सोबत त्याचा फोटो दिला. डॉक्टर मिळाले, गुणही आला, आणि मी ती पोस्ट विसरून गेले. त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने ती वाचली होती. सहावीचं अख्खं वर्ष वर्गात त्याला त्यावरून एक नाव पडलं होतं, आणि हे मला आत्ता कळतंय.

अडचण कोणती होती ते इथे लिहीत नाही. हा धागा टाकायच्या आधी त्याला वाचायला दिला. त्याने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कमिटीशी काय आणि कसं बोलावं? आणि घरात यापुढे कसं वागावं? कारण खरं सांगायचं तर तो झोपल्यावर मी त्याचा फोनही उघडून बघते. त्याला ते ठाऊक नाही असं मला वाटत होतं. त्याला ठाऊक आहे.

नाहूरवासी

वाचून फार वाईट वाटलं. मुलगा क्लासला जायला लागला का?

खिडकीजवळची

हो, सोमवारपासून. पहिल्या दिवशी त्याचे बाबा सोबत गेले होते.

जुना_सेक्रेटरी

ताई, बोरिवलीत ११ वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

ते सिलिंडर रिकामं झालं आणि त्याच रात्री एखाद्या घरात शॉर्टसर्किट झालं असतं तर? कमिटीच्या माणसाच्या मनात पहिल्यांदा हेच येतं. आमच्याकडे लिफ्टची बटणं जाळली गेली, पार्किंगमधल्या गाड्यांवर ओरखडे निघाले. मी घरोघर जाऊन सांगायचो, तर उत्तर ठरलेलं: "आमचा मुलगा असं करणारच नाही, पुरावा दाखवा." पुरावा दाखवला की, "तुम्ही आमच्या मुलावर नजर ठेवता का?" नाव न घेता नोटीस लावली की कुणी वाचत नाही. ग्रुपवर टाकलं की दहा मिनिटांत नुकसानभरपाई. कमिटीचं काम बिनपगारी असतं, घरचं जेवण सोडून करावं लागतं, आणि शेवटी माणूस टेकीला येतो.

तरीही फ्लॅट नंबर आणि शाळा यायला नको होती. आधी तुम्हाला फोन करायला हवा होता, हेही मान्य. माझ्या काळात मीही दोनदा असे फोटो टाकले आहेत. त्यातला एक मुलगा आता नोकरीला लागलाय, लिफ्टमध्ये भेटला की मान खाली घालतो. तुमचा धागा वाचताना तोच डोळ्यासमोर आला.

वकिली_चष्मा

कायद्याची बाजू, जेवढी खात्रीने सांगता येते तेवढीच सांगतो.

खिडकीजवळची ताई, हे प्रकरण पोलिसांत गेलं असतं तर तुमच्या मुलाला जास्त संरक्षण मिळालं असतं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या १८ वर्षांखालच्या मुलाबद्दल चौकशी, तपास किंवा कोर्टाच्या कामाची बातमी देताना त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही उघड करता येत नाही. केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव, पत्ता, शाळा. तुमच्या ग्रुपवर नेमक्या याच तीन गोष्टी आल्या. पोलिसांत न गेल्यामुळे हे कलम थेट लागू होत नाही. पण त्यामागचा विचार कमिटीपुढे जरूर ठेवा: गंभीर गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचीही ओळख कायदा झाकतो, आणि आपण पावडर फवारणाऱ्या मुलाची उघडी केली.

दुसरं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूलच. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे आणि दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, मात्र मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे.

तुमच्या जुन्या फेसबुक पोस्टला मात्र या कायद्यात उत्तर नाही. एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. शिवाय मुलाच्या वतीने हो म्हणायचं ते पालकांनीच, असंच तो धरून चालतो. तेरा वर्षांच्या मुलाचं स्वतःचं म्हणणं विचारा, असं तो पालकांना सांगत नाही. मला ही या कायद्यातली मोठी उणीव वाटते. ती भरून काढणं घराघरावर सोडलेलं आहे, आणि तुम्ही धागा त्याला आधी वाचायला दिलात तेव्हा तेच केलंत.

नाहूरवासी

वकीलसाहेब, ग्रुपच्या अ‍ॅडमिनला धरता येईल का?

वकिली_चष्मा

दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१चा तसा निकाल आहे. स्वतः टाकलं असेल तर ती जबाबदारी अर्थात त्याची स्वतःची.

खिडकीजवळची

क्लिप टाकणारेच अ‍ॅडमिन आहेत. माझ्या मिस्टरांचं म्हणणं, ज्यांनी "गुंड" लिहिलं त्यांच्यावर पोलिसांत तक्रार करायची. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही.

वसईकर

ताई, ते मी मांडून बघतो. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरला काय झालं ते आमच्या पट्ट्यातले लोक विसरलेले नाहीत. मुंबई बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते फक्त लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. आयटी कायद्याचं ६६अ कलमही, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षेचं कलम, लावलं होतं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं, पण तोवर त्या दोघींना जे भोगायचं ते भोगून झालं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की शब्दांसाठी पोलीस बोलवायचे नाहीत. आज ते त्या काकांच्या दारात जातील, उद्या तुमचा मुलगा कुणाबद्दल काही लिहील तेव्हा तुमच्या दारात येतील.

"गुंड होतात" हे मत आहे. वाईट आहे, पण मत आहे. तुम्हीही त्याच ग्रुपवर त्याला खणखणीत उत्तर देऊ शकता. क्लिप, फ्लॅट नंबर आणि शाळा ही मतं नव्हेत. भांडण या तीन गोष्टींपुरतं ठेवा, म्हणजे समोरच्याला बोलण्याच्या स्वातंत्र्याचा आडोसाही मिळणार नाही.

खडू_फळा

मी कुर्ल्याला पालिकेच्या शाळेत शिकवते. वसईकरांशी बरीचशी सहमत, पण शब्द नुसते शब्द राहत नाहीत हेही सांगायला हवं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज गावोगाव फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना वाटत होतं की आपण मुलांच्या काळजीपोटी पाठवतोय.

वर्गात मी मुलांना अनोळखी माणसाला नाव, पत्ता, शाळा सांगू नका असं शिकवते. दरवर्षी एखादं मूल विचारतंच, "बाई, पण पप्पांनी सगळं टाकलंय." गणवेशातला फोटो, त्यावर शाळेचा बिल्ला, मागे इमारतीची पाटी. बक्षीस समारंभाचे फोटो आम्ही शाळेतूनही पाठवत होतो. यंदापासून मी माझ्या वर्गापुरतं बंद केलं आहे. फक्त प्रमाणपत्राचा फोटो, तोही ज्या त्या पालकाला.

चाळकरी

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. आमचा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सहा जण. तिथे कुणाचं काही लपलेलं नसायचं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये माझी दोन्ही पोरं एकाच फोनवर शिकली, फोन कायम सगळ्यांच्या मध्ये. पोरांचा फोन चोरून बघायची वेळच आली नाही, कारण तो फोन कुणा एकाचा नव्हताच.

आता नवीन इमारतीत ५०० फुटांचं घर मिळालंय. मोठ्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा दार मिळालं. तो ते लावतो आणि माझ्या छातीत धस्स होतं. दोन महिने मी काही ना काही निमित्त काढून आत जात होतो. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "बाबा, दार वाजवत जा ना." आम्हाला आमच्या बापाला असं म्हणायची सोयच नव्हती, दारच नव्हतं. त्या दिवसापासून वाजवतो.

फोनचं आम्ही असं केलंय. रात्री साडेदहाला चारही फोन हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला चार्जिंगला. माझा पण. पहाटेची ड्युटी असली की गजर लावायला मी साधं घड्याळ विकत आणलं. फोन उघडून बघत नाही. पण रात्री बारा वाजता तो पोराच्या उशाशी नसतो, एवढ्याने माझं निम्मं टेन्शन गेलं.

नाहूरवासी

चाळकरी दादा, फार छान लिहिलंत.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची आठवण झाली. २०२२पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. अख्ख्या गावाने मिळून केलं म्हणून जमलं असावं. मुंबईत एका विंगने तरी करून बघावं. आणि मला वाटतं, ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडिया खाती बंद केली तसं इथेही व्हायला हवं. निम्मे प्रश्न सुटतील.

खिडकीजवळची

नाहूरवासी, मीही आधी असंच म्हणत होते. पण माझ्या मुलाचं कुठेच खातं नाही. त्याच्याबद्दल जे काही नेटवर गेलं ते चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी टाकलं, त्यात मीही आले. ही बंदी असती तरी त्याच्या बाबतीत काहीच बदललं नसतं.

अकरावीतली

मी इथली सगळ्यात लहान असेन. काकू, फोनबद्दल मला सांगायचंय.

माझी आई पण रात्री फोन बघायची. मला नववीत कळलं. मी भांडले नाही, गुपचूप दुसरं अकाउंट काढलं. आईला पहिल्या अकाउंटवर सगळं छान छान दिसत राहिलं. मग त्या दुसऱ्या अकाउंटवर एक माणूस बोलायला लागला. आधी चित्रांबद्दल, मी चित्रं काढते. नंतर क्लास कुठे, किती वाजता सुटतो, भेटशील का. मला भीती वाटत होती, पण आईला सांगितलं असतं तर दुसरं अकाउंट कळलं असतं. तीन आठवडे मी क्लासहून येताना मैत्रिणीच्या घरावरून लांबच्या रस्त्याने यायचे. शेवटी मावशीला सांगितलं, मावशीने आईला.

आई ओरडली नाही. ती रडली. ती रोज रात्री बघत होती आणि तरी तिला काहीच दिसलं नव्हतं. काकू, तुम्ही बघता हे वाईट नाही, पण सांगून बघा. मला आधीच माहीत असतं की काहीही झालं तरी आई फोन काढून घेणार नाही, तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

खिडकीजवळची

बाळा, तू हे लिहिलंस त्याबद्दल तुझे आभार कसे मानू कळत नाही. दोनदा वाचलं. आता त्यालाही वाचायला देते, तुझी हरकत नसेल तर.

अकरावीतली

द्या की काकू.

खडू_फळा

अकरावीतली, शाब्बास. आणि वाचणाऱ्या इतर मुलांसाठी: घरात सांगणं शक्य नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, २४ तास. शाळेतल्या एका तरी बाईंना किंवा सरांना सांगा. त्यात तुमची चूक नसते.

नेटकर

थोडी कामाची माहिती देतो, कारण कमिटीशी बोलताना नेमकं काय मागायचं ते माहीत हवं.

सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं सगळं रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये, म्हणजे ते साठवणाऱ्या यंत्रात जातं आणि त्याचं मोबाइल अ‍ॅपही असतं. पहिला प्रश्न विचारा: हे अ‍ॅप किती जणांच्या फोनवर आहे? मी पाहिलेल्या कित्येक ठिकाणी बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी दिलेला पासवर्ड वर्षानुवर्षं तोच असतो, आणि कमिटी बदलली तरी जुन्या कमिटीच्या फोनवर कॅमेरे चालूच असतात. म्हणजे तुमच्या मुली कधी येतात-जातात हे तीन वर्षांपूर्वीचा खजिनदार आजही घरबसल्या बघू शकतो. यावर बोलायला लागलात की बाकीचे रहिवासीही तुमच्या बाजूने येतील, हे नक्की. पासवर्ड बदलायचा, बघायचा अधिकार दोघांकडेच, आणि क्लिप काढली की वहीत नोंद: कुणी, कधी, कशासाठी.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवस मिळतात. अ‍ॅडमिनला दुसऱ्यांचेही पुसता येतात. पुढे गेलेल्या प्रती मात्र तशाच राहतात, म्हणून क्लासच्या ग्रुपवर वेगळं बोलावं लागेल.

फोनचं म्हणाल तर लहान मुलांसाठी वेळेची मर्यादा आणि अ‍ॅप टाकायच्या आधी परवानगी, एवढं गूगलच्या फॅमिली लिंकसारख्या सोयीतून उघडपणे करता येतं, आणि मुलाला स्वतःच्या फोनवर ते दिसतं. चोरून नजर ठेवणारी अ‍ॅप्स मात्र कृपा करून टाकू नका. मुलाचे फोटो, मेसेज, ठिकाण सगळं तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन बसतं.

अवांतर: लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. शाळेचे फॉर्म भरताना मुलांचे फोटो डॉक्युमेंट म्हणून मागितले, तर हे लक्षात असू द्या.

जुना_सेक्रेटरी

नेटकरांनी जुन्या कमिटीचं लिहिलं म्हणून आत्ताच फोन उघडून पाहिला. पद सोडून चार वर्षं झाली, माझ्या फोनवर आमच्या गेटचा कॅमेरा अजून दिसतोय. अ‍ॅप काढून टाकलं. उद्या सेक्रेटरींना सांगून पासवर्ड बदलून घेतो.

खिडकीजवळची

बारा दिवसांनी लिहिते आहे. उशीर झाला, माफ करा.

रविवारी कमिटीला भेटले. मिस्टर आले होते, आणि दुसऱ्या मुलाची आईही. तिसऱ्या घरचे आले नाहीत, त्यांना विषय वाढवायचा नव्हता. सुरुवात मी आजींच्या तब्येतीपासूनच केली. मग कलम ७४ सांगितलं. क्लिप टाकणारे काका आधी चढ्या आवाजात बोलले, की चोरी झाली की सगळ्यांना फुटेज हवं असतं, तेव्हा कुणाला खाजगीपणा आठवत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी तसं बोललेही. पण सहा कॅमेरे नऊ जणांच्या फोनवर आहेत, त्यातले तिघं आता इथे राहतही नाहीत, हे तपासताना निघालं तेव्हा खोली एकदम शांत झाली. पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला. लहान मुलांचा चेहरा असलेली क्लिप ग्रुपवर जाणार नाही, आधी आईवडिलांना फोन होईल, एवढं इतिवृत्तात लिहून घेतलं. काकांनी क्लिप पुसण्याचा काळ उलटून गेला होता, पण अ‍ॅडमिन म्हणून जे करता येतं ते करून बघतो म्हणाले. माफी काही मागितली नाही. जाताना मुलाला म्हणाले, "क्रिकेट खेळायला खाली येत जा रे." मुलाने मान हलवली.

पोलिसांत गेलो नाही.

फोन आता मी उघडत नाही. चाळकरी दादांसारखं हॉलमध्ये ठेवतो, चौघांचेही. आमच्यात ठरलंय की कुणी त्रास दिला, काही विचित्र मागितलं तर तो सांगेल, आणि सांगितलं म्हणून फोन जाणार नाही. हे मी कागदावर लिहून द्यावं असं त्याने म्हटलं. लिहून दिलं, सही केली. त्याच्या कंपासपेटीत आहे.

ती फेसबुक पोस्ट काढली. मग दोघं मिळून माझे जुने अल्बम बघायला बसलो. मला वाटलं होतं अर्धा तास लागेल. २०२३पासून मागे जात आम्ही २०१९पर्यंत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. एकेक फोटो तो बघायचा आणि सांगायचा, काढ, काढ, राहू दे, काढ. मला जे सगळ्यात गोड वाटायचे तेच त्याने जास्त काढायला लावले. शिवाजी पार्कला आज्जीच्या मांडीवर बसून भुट्टा खातानाचा एक आहे, नाक गळतंय, तोंडभर मीठ-तिखट. तो मी न विचारताच काढायला गेले, तर माझा हात धरला. म्हणाला, तो आज्जीचा पण आहे.

२०१८ आणि त्याआधीचं अजून बाकी आहे. शनिवारी बसणार आहोत.